घर विकायला आणि घ्यायला कोणता ऋतू बरा? सल्ला हवा आहे

अंगणवेल:
नमस्कार मंडळी. दोन खोल्यांचं घर आता पुरत नाही. मुलगी मोठी झाली, सासूबाई कायमच्या राहायला येणार आहेत, त्यामुळे हे विकून मोठं घ्यायचं ठरलंय. इथपर्यंत घरात एकमत. पुढे मात्र जो भेटेल तो वेगळंच सांगतो.

पावसाळा तोंडावर आलाय. एजंट म्हणतो, "ताई, आता चार महिने कुणी फिरकणार नाही, घर बाजारात काढूच नका." नवरा म्हणतो, याच दिवसांत घेणाऱ्याला स्वस्त मिळतं, तर आधी घेऊन टाकू. भाऊ म्हणतो, आधी विका, पैसा हातात येऊ दे. मी मध्ये बसून तिघांचं ऐकतेय.

ऋतूचा भावावर खरंच परिणाम होतो, की ही नुसती समजूत आहे? आणि विकणं-घेणं दोन्ही करायचं असेल तर कोणतं कधी करावं? ज्यांनी या भानगडीतून पार पडून घर बदललंय त्यांनी कृपया लिहा.

कौलारू:
भावाचं जाणकार सांगतील. मी एकच सांगतो, घर पावसात बघा.

आम्ही भर उन्हाळ्यात घेतलं. नुकताच रंग दिलेला, भिंती आरशासारख्या. विकणारा म्हणाला, तुमच्यासाठीच रंगवून घेतलं. आम्ही खूश! पहिल्या मोठ्या पावसानंतर आठवडाभरात कपाटामागची भिंत फुगली, मग पोपडे, मग लोणा. कपाट नेमकं तिथेच का ठेवलं होतं ते तेव्हा कळलं. ताबा घेऊन झालेला, कागदावर सही झालेली, भांडणार कोणाशी आणि कशावर?

पायवाट:
+१. जमिनीलगतचा मजला किंवा सगळ्यात वरचा मजला असेल तर दोनदा +१.

आकडेमोड:
ताई, जरा सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर शेवटचे दोन परिच्छेद वाचा.

ऋतूचा परिणाम ही अफवा नाही. रेचल न्गाय आणि सिल्वाना टेन्रेरो या दोन अर्थशास्त्रज्ञांचा यावरचा लेख २०१४ साली 'अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू'मध्ये आला होता. ब्रिटन आणि अमेरिकेचे आकडे त्यांनी तपासले. वसंत-उन्हाळ्यात व्यवहारही जास्त आणि भावही चढे, थंडीत दोन्ही उतरलेले, आणि हे दरवर्षी. त्यांनी दिलेलं कारण मला पटलं. बाजारात एकाच वेळी खूप घरं असली की प्रत्येकाला आपल्या मनासारखं घर सापडण्याची शक्यता वाढते, आणि मनासारखं सापडलं की माणूस दोन पैसे जास्त मोजतो. म्हणजे गर्दीमुळे निवड चांगली होते, निवडीमुळे भाव वाढतो, आणि त्या भावासाठी विकणारेही त्याच वेळी येतात. शाळेच्या सुट्ट्या, मोठा दिवस वगैरे या चक्राला पहिला धक्का देतात, पुढे ते आपलं आपण फिरतं. ऑस्ट्रेलियात हाच हंगाम सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये येतो, कारण तिथला वसंत तेव्हा. त्यामुळे कॅलेंडरचा महिना पाठ करू नका. तुमच्या भागात लोक कधी बाहेर पडतात ते बघा.

यातून एक साधी गोष्ट. भाव मागच्या महिन्यापेक्षा वाढला की उतरला हे बघून काही ठरवू नका. मागच्या वर्षीच्या याच महिन्याशी ताडून बघा. अमेरिकेतला घरांच्या भावांचा केस-शिलर निर्देशांक यासाठीच दोन तऱ्हांनी निघतो, एक ऋतूचा चढउतार काढून टाकलेला आणि एक जसाच्या तसा. आणि नोंदणीचे आकडे उशिरा बोलतात. आज जो व्यवहार नोंदला गेला त्याची घासाघीस महिना-दोन महिने आधीच होऊन गेलेली असते.

आता तुमचं. तुमच्या घराची किंमत १०० धरा, हव्या असलेल्या घराची १६०. तेजीच्या दिवसांत भाव ३ टक्के जास्त असतात असं समजू (हा आकडा निव्वळ हिशेबासाठी). तेजीत दोन्ही केलंत तर विकून १०३ येतील, घ्यायला १६४.८ लागतील, पदरचे ६१.८. मंदीत दोन्ही केलंत तर पदरचे ६०. म्हणजे लहानातून मोठ्यात जाणाऱ्याला मंदी फायद्याची! स्वतःच्या घराला कमी आले म्हणून जीव हळहळतो, पण समोरचं घर त्याहून जास्त उतरलेलं असतं. मोठ्यातून लहानात जाणाऱ्याचं बरोबर उलटं.

तेजीत विकून मंदीत घेणं कागदावर सगळ्यात छान दिसतं, पदरचे ५७. पण मधले सहा महिने भाड्याने राहणार. वर्षाचं भाडं घराच्या किमतीच्या ४ टक्के धरलं तर तिथे २ गेले, वर सामान दोनदा हलवायचं. उरतं काय?

नाममात्र:
आकडेमोड, एक शंका. विकून आलेले १०३ ते सहा महिने काय उशीखाली ठेवायचे? वर्षाला ६ टक्के व्याज धरलं तरी ३ सुटतात. भाडं त्यातच निघालं की.

आकडेमोड:
बरोबर पकडलंत. मी ते धरलंच नव्हतं. अंगावर कर्ज नसेल, किंवा विकून ते फिटत असेल, तर मधल्या काळाचा खर्च मी दाखवला तेवढा नाही. मग प्रश्न पैशाचा कमी आणि धास्तीचा जास्त. त्या सहा महिन्यांत बाजारच वर गेला तर ३ टक्के वाचवायला निघालेला माणूस १० टक्के घालवून बसेल.

उलट बाजूही सांगतो. आधी घेतलं आणि जुनं विकलं जाईना, तर दोन्ही घरं पोसायची. नव्या घराच्या पूर्ण रकमेवर ८ टक्के व्याज असेल तर महिन्याला तिच्या ०.६७ टक्के जातात, तीन महिन्यांत २ टक्के. "चांगला सीझन येईपर्यंत थांबू" म्हणणाऱ्याने हा आकडा कपाटाच्या दारावर चिकटवावा.

खिडकीतली:
मी घरांचे नकाशे करते, त्यामुळे माझं लक्ष भावाकडे नाही, उजेडाकडे.

लोक घर एकदा बघतात, तेही सुट्टीच्या दिवशी सकाळी अकराला. त्या वेळी प्रत्येक घर चांगलंच दिसतं. पण कर्कवृत्ताच्या वर कुठेही राहत असाल तर जूनच्या २१ तारखेचा दुपारचा सूर्य आणि डिसेंबरच्या २१-२२ तारखेचा सूर्य यांच्या उंचीत जवळजवळ ४७ अंशांचा फरक असतो. म्हणजे हिवाळ्यात दक्षिणेच्या खिडकीतून पार समोरच्या भिंतीपर्यंत येणारं ऊन उन्हाळ्यात खिडकीच्या चौकटीपाशीच थांबतं. पश्चिमेची खोली थंडीत संध्याकाळी इतकी उबदार वाटते की तिथे अभ्यासाचं टेबल मांडायची स्वप्नं पडतात, आणि तीच खोली उन्हाळ्यात पाचनंतर भट्टी होते. कर्क आणि मकर वृत्तांच्या मधल्या पट्ट्यात तर सूर्य वर्षातून दोनदा थेट डोक्यावर येतो, तिथे खिडकीपेक्षा छताची चौकशी जास्त करा. दक्षिण गोलार्धात दक्षिणेच्या जागी उत्तर वाचा.

तेव्हा बघाल त्या ऋतूत घर बघा, पण न दिसणारा ऋतू डोक्यात धरून बघा. फोनमध्ये होकायंत्र असतं, प्रत्येक खोलीत उभं राहून दिशा लिहून घ्या. समोरच्या झाडाची पानं गळतात का ते विचारा. पानं असताना जी आडोशाची गॅलरी वाटते तिथून पानगळीनंतर शेजारच्यांचं वर्तमानपत्रसुद्धा वाचता येतं. आणि खिडक्या उघडा. कडक थंडीत, धो धो पावसात, एसी चालू असलेल्या उन्हाळ्यात घर नेहमी बंद असताना दाखवलं जातं, रस्त्याचा आवाज कळतच नाही.

कौलारूंच्या ओलीबद्दल एक उपाय. संशय आला त्या भिंतीवर हातभर ॲल्युमिनियम फॉइल सपाट लावा, चारही कडा चिकटपट्टीने बंद करा, एक-दोन दिवस राहू द्या. काढल्यावर भिंतीकडची बाजू ओली असेल तर पाणी भिंतीतून येतंय. खोलीकडची बाजू ओली असेल तर हवेतला दमटपणा गार भिंतीवर साकळतोय, त्याला वारा खेळता ठेवणं पुरतं. दोन्हींची दुरुस्ती वेगळी, खर्च तर फारच वेगळा.

पायवाट:
परक्याच्या घरात दोन दिवस फॉइल लावून ठेवायला कोण देतं हो? :)

खिडकीतली:
विसार देण्याआधी मागून बघा. नाही म्हणाले तरी एक उत्तर मिळालंच. निदान कपाटं भिंतीपासून वीतभर पुढे ओढायला सांगा आणि वास घ्या. नाकाला ताजा रंग फसवू शकत नाही, फक्त उदबत्ती फसवते.

जुनाजाणता:
सगळं वाचलं. छान आहे, पण मी आयुष्यात चार घरं बदलली आणि एकदाही ऋतू बघून नाही. एकदा बदली, एकदा आजारपण, एकदा भावांच्या वाटण्या, एकदा जिने चढवेनात म्हणून. बहुतेकांचं असंच असतं. घर विकायचा ऋतू आपण निवडत नाही, तो येतो.

मंद दिवसांची एक गंमत मात्र खरी. बघायला येणारे कमी, पण जो छत्री घेऊन, बूट भिजवून येतो तो वेळ घालवायला आलेला नसतो. सुट्ट्यांत वीस येतात, त्यातले पंधरा पडद्यांचं कौतुक करून जातात. आमचं तिसरं घर तिसऱ्याच माणसाने घेतलं, ऐन पावसात. आणि कोरडं घर पावसात दाखवणं यासारखी जाहिरात नाही, एक शब्द बोलावा लागत नाही.

तोटा एवढाच की पाच-सहा महिने लागले तर लोक विचारायला लागतात, "इतके दिवस का पडून आहे?" एकदा हा प्रश्न चिकटला की भाव सुटतो. म्हणून मंदीत घर काढायचं तर सुरुवातीलाच रास्त किंमत सांगायची, घासाघीशीला थोडीच जागा ठेवून.

अंगणवेल:
सगळ्यांचे मनापासून आभार! आकडेमोड, तुमचं १००-१६०चं गणित नवऱ्याला दाखवलं. तो "मी म्हणत नव्हतो?" या चेहऱ्याने दिवसभर फिरतोय. भावाला ५७ आवडलेत, पण सासूबाईंना भाड्याच्या घरात आणून पुन्हा सहा महिन्यांनी हलवणं मला जमणार नाही, तेव्हा तो मार्ग बंद.

सध्याचा बेत असा: पावसाळाभर घरं बघत राहायचं, कागदपत्रं गोळा करून ठेवायची, आणि आमचं घर याच दिवसांत रास्त किमतीला काढायचं. फोटो अजून ऊन आहे तोवर उद्याच काढते. चुकतंय का काही?

जुनाजाणता:
बेत चांगला. घरं बघायला जाल तेव्हा पाऊस थांबायची वाट बघू नका.

अंगणवेल (दहा दिवसांनी):
धागा वर काढतेय, जरा लाज वाटतेय.

पहिला जोराचा पाऊस झाला. परक्याच्या घरात फॉइल लावायच्या आधी सराव म्हणून आमच्याच आतल्या खोलीत, खिडकीखालच्या भिंतीवर लावली. दोन दिवसांनी काढली तर भिंतीकडची बाजू चिंब. अकरा वर्षं राहतोय इथे. तिथे कायम पलंग असतो, त्यामुळे कधी लक्षच गेलं नाही. खरं तर मागच्या वर्षी रंगाला फुगा आला होता, मी खरवडून वरून हात मारला होता. म्हणजे कौलारूंच्या त्या विकणाऱ्यात आणि माझ्यात फार अंतर नाही :(

आता दुरुस्ती आधी की विक्री आधी? एक मिस्त्री म्हणतो आतून लेप मारून चार दिवसांत देतो.

कौलारू:
तुम्ही निदान फॉइल तरी लावलीत. घ्यायला येईल त्याला सांगून टाका, एवढंच मागणं.

खिडकीतली:
आतून लेप नको. पाणी बाहेरून येतंय, आतून दार लावलं तर ते भिंतीतच साठून दुसरीकडे फुटेल. आणि बाहेरचं काम भिंत कोरडी झाल्याशिवाय धरत नाही, म्हणजे पाऊस सरेपर्यंत थांबणं आलंच. पण वाट कुठून आहे ते शोधायला हेच दिवस योग्य. पलंग हलवा, ओलीची कड पेन्सिलने आखा, शेजारी तारीख लिहा. पुढच्या मोठ्या पावसानंतर पुन्हा आखा. कड खिडकीच्या कोपऱ्यापासून पसरत असेल तर बहुतेक खिडकीची फट किंवा बाहेरची सज्जाची धार, खालून वर चढत असेल तर गोष्ट वेगळी. दोन-तीन रेषा झाल्या की फोटो इथे टाका.

आकडेमोड:
आणि दुरुस्तीचा अंदाज दोघांकडून लेखी घ्या. पावसातच विकायचं ठरलं तर तो कागद दाखवून तेवढी रक्कम किमतीतून वजा करता येते. ओल बघून घाबरलेला माणूस मनातल्या मनात त्याच्या तिप्पट वजा करतो.

अंगणवेल:
पलंग हलवला. पहिली रेषा आखली, तारीख घातली. खिडकीच्या डाव्या कोपऱ्यापासून तिरकी खाली उतरतेय. एजंटाला कळवलं की तूर्त घर दाखवायचं नाही. तो म्हणाला, "मी म्हटलंच होतं ना ताई, पावसात नको."