मृत्युपत्र वाचलं गेलं तेव्हा खोलीत काय घडलं? तुमचे अनुभव लिहा

उंबरठा

आमची थोरली आत्या गेल्यावर सहा आठवड्यांनी आम्ही नऊ भाचरं तिच्या दिवाणखान्यात एकत्र बसलो. एकत्र अशी ती पहिलीच वेळ. आत्या श्रीमंत होती आणि फार वेगळी होती. एका वेळी एकालाच भेटायची. आधीचा आत असला की दुसऱ्याने बाहेरच्या खोलीत थांबायचं, आणि आतला मागच्या दाराने जायचा. लहानपणापासून हेच बघितलेलं, त्यामुळे कोणाला त्यात नवल वाटलं नाही.

वकिलांनी वाचायला सुरुवात केली. पैशांचे नऊ सारखे भाग. बंगला अंधांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेला. इथवर कोणी हूं की चूं केलं नाही. मग त्यांनी एक पेटी उघडली. आत प्रत्येकाच्या नावाची वही होती. आम्ही केव्हा आलो, किती वेळ बसलो, काय बोललो, हे सगळं आत्याने लिहून ठेवलं होतं, आणि ज्याची वही त्याला द्यावी असं मृत्युपत्रात म्हटलं होतं.

माझ्या वहीची अकरा पानं भरली होती. माझ्या एका आतेभावाला तीन वह्या मिळाल्या, दोरीने बांधलेल्या. रकमा सारख्या होत्या, तरी त्या खोलीत प्रत्येक जण दुसऱ्याच्या हातातल्या वहीची जाडी बघत होता.

माझी शेवटची नोंद अशी: "आज घाईत होती. चष्मा इथेच विसरली. ठेवला आहे." वहीच्या मागच्या पाकिटात माझा चष्मा होता. तो हरवला म्हणून मी चार वर्षांपूर्वीच नवा केला होता. तिला फोन करून विचारलंसुद्धा नव्हतं.

तेव्हापासून मनात आहे की इतरांच्या घरी हा दिवस कसा गेला असेल. कोण कुठे बसलं होतं, कोणतं वाक्य लक्षात राहिलं, ते लिहा. रकमा नाही लिहिल्या तरी चालेल.

दस्तऐवज

मी वीसहून जास्त वर्षं मृत्युपत्रांचीच कामं करतो. सगळ्यांना जमवून मोठ्याने वाचन केलंच पाहिजे, असा नियम सहसा कुठल्याच कायद्यात नसतो. ते नाटक-सिनेमांमुळे डोक्यात बसलेलं आहे. प्रत्यक्षात बहुतेक वेळा प्रती पाठवल्या जातात. पण घरच्यांनी विनंती केली तर मी वाचतो, आणि खरं सांगतो, वाचलेलं बरं. प्रत घरी गेली की प्रत्येक जण आपल्यापुरतं कलम वाचतो.

वाचताना मी एकच गोष्ट पाळतो. आधी प्रत्येकाच्या हातात प्रत देतो आणि पाच मिनिटं गप्प बसतो. कारण माणूस आपलं नाव येईपर्यंत ऐकतो, आणि नाव येऊन गेलं की त्याला पुढचं काही ऐकू येत नाही. नंतर महिनाभराने फोन येतो की हे तुम्ही वाचलंच नव्हतं. वाचलेलं असतं.

एक कळकळीची विनंती. मूळ मृत्युपत्राची टाचणी किंवा स्टेपलची पिन काढू नका. एका मुलाने झेरॉक्स नीट यावी म्हणून पिन काढली आणि पुन्हा लावली. पानाला जादा भोकं दिसली. मग या कागदाला आणखी काही जोडलेलं होतं का, एखादं पान बदललं का, असे प्रश्न निघाले. त्याच्या मनात काहीही वाईट नव्हतं, पण तसं प्रतिज्ञापत्रावर लिहून देईपर्यंत आणि भावंडांना पटेपर्यंत कित्येक महिने गेले. बहीण त्याच्याकडे अजूनही त्या भोकांच्या नजरेने बघते, असं तो मला म्हणाला.

कोपऱ्यातली खुर्ची

माझं नावच नव्हतं. "इतर अपत्यांना मी हयातीतच पुरेसे दिलेले आहे" असं एक वाक्य होतं. आम्ही तीन भावंडं. दोघांची नावं होती. म्हणजे "इतर" म्हणजे मी एकटीच.

वकील पुढे वाचत राहिले. मी खिडकीच्या पडद्यावरच्या रेघा मोजत होते. पैशांचं दुःख नव्हतं, खरंच नव्हतं. वडिलांनी मला शिक्षणाला भरपूर दिलं होतं. पण नाव लिहायला किती शाई लागते?

पाच पाकिटं

आमच्या वडिलांची अट होती की पाचही भावंडं एका खोलीत बसल्याशिवाय पाकीट उघडायचं नाही. मधला भाऊ आमच्याशी बारा वर्षं बोलत नव्हता. तो आला, पण दाराजवळच्या खुर्चीवर बसला. पायातले बूटही काढले नाहीत.

मालमत्तेचं मृत्युपत्र वेगळं होतं, ते सरळ होतं. पाकिटात मात्र एक यादी होती. प्रत्येकाला वडिलांनी केव्हा किती उसने दिले, आणि प्रत्येक रकमेवर एक आडवी रेघ. खाली लिहिलेलं: सर्व माफ.

मधल्या भावाची रक्कम आम्हा चौघांच्या बेरजेपेक्षा मोठी होती. धंद्यात बुडाल्यावर वडिलांनी त्याला सावरलं होतं, आणि आम्हाला यातलं काही माहीत नव्हतं. त्याने ते ऐकलं, उठला आणि गेला. पायात बूट होतेच.

वडिलांवर माझं फार प्रेम होतं. तरीही मला वाटतं की हे त्यांनी चुकीचं केलं. चारचौघांत वाचून दाखवलेली माफी ऐकणाऱ्याला माफी वाटत नाही. त्याच्याकडे एकट्याकडे चिठ्ठी दिली असती तर तो कदाचित आमच्याकडे आलाही असता. वडिलांना आम्हाला जोडायचंच होतं, हे मला माहीत आहे, म्हणून तर जास्त लागतं.

जुनी लिपी

आमच्याकडचा वाद कोर्टात नऊ वर्षं चालला. त्या काळात मी जगभरच्या मृत्युपत्रांबद्दल मिळेल ते वाचत होतो, त्यातून धीर मिळायचा. आपल्याच घरात असं होतं असं नाही, एवढं तरी कळायचं.

आल्फ्रेड नोबेल यांनी 27 नोव्हेंबर 1895 रोजी पॅरिसमध्ये मृत्युपत्रावर सही केली. वकिलाची मदत न घेता, स्वतःच्या हाताने लिहिलेलं. 10 डिसेंबर 1896 ला ते गेले आणि मजकूर उघड झाल्यावर नातेवाइकांना धक्का बसला, कारण संपत्तीचा बहुतांश भाग पारितोषिकांसाठी ठेवलेला होता. ज्या संस्थांनी पारितोषिकं द्यायची, त्यांनाही आधी विचारलेलं नव्हतं. अंमलबजावणीचं काम दोन अभियंत्यांवर सोपवलेलं. त्यांतला राग्नार सोलमान तेव्हा सव्वीस वर्षांचा होता. पॅरिसमधले रोखे हलवताना तो घोडागाडीत पिस्तूल घेऊन बसायचा. काही नातेवाइकांनी मृत्युपत्राला विरोध केला, पण पुतण्या इमॅन्युएल काकाच्या शब्दाच्या बाजूने उभा राहिला. 1901 साली पहिली पारितोषिकं दिली गेली. मला त्या पुतण्याबद्दल नेहमी आदर वाटत आला आहे. कागद नीट नव्हता, अनेक जागा मोकळ्या होत्या, फोडता आला असता. त्याने फोडला नाही.

उलट टोकाचं उदाहरण टोरांटोचे वकील चार्ल्स व्हान्स मिलर. ते 31 ऑक्टोबर 1926 ला गेले. एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या माणसांना त्यांनी एक घर सामाईक दिलं, दारूबंदीच्या पुरस्कर्त्यांना मद्यनिर्मितीचे शेअर दिले, आणि उरलेली संपत्ती पुढच्या दहा वर्षांत टोरांटोत सर्वांत जास्त मुलं जन्माला घालणाऱ्या आईला. मधे महामंदी आली. शेवटी प्रत्येकी नऊ मुलं असलेल्या चार आयांमध्ये ती रक्कम वाटली गेली. आणखी दोघींना तडजोडीची छोटी रक्कम मिळाली. लोक ही गोष्ट गंमत म्हणून सांगतात. मला ती सांगवत नाही. भुकेच्या काळात कोणीतरी मेल्यावरसुद्धा बायकांच्या शरीरावर पैज लावून गेला होता.

आणि मिशिगनमधले लाकूडसम्राट वेलिंग्टन बर्ट. 1919 साली गेले. त्यांच्या हयातीत जन्मलेल्या नातवंडांपैकी शेवटचं गेल्यावर एकवीस वर्षांनी मुख्य संपत्ती वाटावी, असं लिहून गेले. 2011 मध्ये बारा वंशजांना दहा कोटी डॉलरहून जास्त मिळाले. त्यांनी बर्टना पाहिलंही नव्हतं. ज्यांनी पाहिलं होतं, ते वाट बघतच गेले.

तिसरा मजला

जुनी लिपी, तुमच्या यादीत एक माझ्याकडून. कॅनडात सस्कॅचवानमध्ये 8 जून 1948 ला सेसिल जॉर्ज हॅरिस हा शेतकरी ट्रॅक्टरखाली अडकला. खिशातल्या चाकूने त्याने ट्रॅक्टरच्या मडगार्डवर कोरलं की या संकटात मी मेलो तर सगळं बायकोला, आणि खाली नाव. कोर्टाने ते मृत्युपत्र म्हणून मान्य केलं. तो पत्रा तिथल्या विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयात जपून ठेवला आहे.

आमच्या आजोबांचं मृत्युपत्र चाळीस पानांचं होतं. आजीचा उल्लेख एकतिसाव्या पानावर.

रात्रपाळी

मी घरच्यांपैकी नाही. मी त्या बाईंना सांभाळायला होते, सहा वर्षं. वाचनाच्या दिवशी मी बाहेरच्या पॅसेजमध्ये बसले होते, माझं सामान न्यायला आले होते. आतून वकील आले आणि म्हणाले, "तुम्हीही आत या, तुमचं नाव आहे."

आत गेल्यावर बसायला जागा नव्हती आणि कोणी सरकलं नाही. मी भिंतीला टेकून उभी राहिले. बाईंनी मला एक रक्कम आणि त्यांच्या पलंगाशेजारची आरामखुर्ची दिली होती. त्याच खुर्चीवर मी रात्री झोपायचे. त्यांनी तसंच लिहिलं होतं: "जिच्यात ती माझ्यासाठी अर्धवट झोपली ती खुर्ची."

घरच्यांनी हरकत घेतली. मी दबाव टाकून लिहून घेतलं म्हणाले. बाईंनी सहीच्याच आठवड्यात डॉक्टरांकडून आपण पूर्ण शुद्धीत असल्याचा दाखला घेऊन ठेवला होता, आणि सहीच्या वेळी मला मुद्दाम बाहेर पाठवलं होतं. दोन्ही साक्षीदारांनी ते सांगितलं. तेव्हा मला त्यांचा राग आला होता, मला का बाहेर काढतात म्हणून.

पुष्कळ जणांनी मला सुचवलं की पैसे सोडून दे, तुझं मन मोठं दिसेल. मी सोडले नाहीत. ते माझे होते. खुर्चीचा डावा हात सैल झालाय, तो मी दुरुस्त करणार नाही. बाई उठताना तिथेच जोर द्यायच्या.

दस्तऐवज

रात्रपाळी, तुम्ही योग्य केलंत. बाहेर पाठवणं हे तुमच्या बाईंनी फार विचारपूर्वक केलं होतं. ज्याला काही मिळणार आहे त्याने सहीच्या खोलीत असू नये, आणि साक्षीदार तर मुळीच होऊ नये. अनेक देशांत साक्षीदाराला दिलेली देणगी रद्द होते. प्रेमाने सही करायला पुढे झालेली मुलगी तेवढ्यावरून आपला हिस्सा गमावून बसलेली मी पाहिली आहे.

अर्धं पान

माझे वडील हयात आहेत. गेल्या महिन्यात त्यांनी आम्हाला बसवून मृत्युपत्राचा मसुदा स्वतःच वाचून दाखवला. तिसऱ्या कलमाला आईने थांबवलं. "हे असं नाही, हे घर माझ्याही पैशांतून उभं राहिलंय, तसं लिहा." वडील गप्प झाले. मग त्यांनी पेन काढलं आणि तिला विचारून विचारून ते कलम नव्याने लिहिलं. धाकट्या बहिणीला रडू आवरेना, ती उठून गेली. तिला वडील जाणार हे ऐकायचंच नव्हतं. मला अजून ठरवता येत नाही की हे बरं झालं की नाही. पण कोपऱ्यातली खुर्ची यांचा अनुभव वाचला आणि लगेच वडिलांना विचारलं की आमची सगळ्यांची नावं लिहिली आहेत ना. त्यांनी कागद माझ्यासमोर धरला.

कोपऱ्यातली खुर्ची

अर्धं पान, हे विचारलंत, खूप बरं केलंत.

उंबरठा

सगळ्यांचं वाचते आहे. लिहायला उशीर झाला, कारण मधे एक गोष्ट घडली.

तीन वह्यांचा तो आतेभाऊ काल घरी आला होता. त्याला त्या वह्या एकट्याने वाचवत नव्हत्या. आम्ही त्याच्या आणि माझ्या नोंदी तारखेने लावून बघितल्या. माझ्या अकरा पानांतला एक दिवस त्याच्याकडेही निघाला. त्याच्या वहीत असं आहे: "पाचला येणार होता, चारलाच आला. ती आत होती म्हणून बाहेर बसवला. दोघांचा खोकला सारखाच आहे. मधल्या भिंतीतून ऐकू येतो."

तो दिवस मला आठवतो. बाहेर कोणीतरी खोकत होतं, आणि कोण आहे म्हणून मी विचारलंही नाही.

आणखी दोघांनी आपापल्या वह्या आणायचं कबूल केलं आहे. उरलेल्या पाच जणांना मी या आठवड्यात फोन करणार आहे. त्यांतल्या तिघांचे नंबर माझ्याकडे नाहीत, ते आतेभावाने लिहून दिले.