बालगृहातला मुलगा चार महिन्यांनी १८ चा होतोय. आधी काय करून ठेवावं? (सोलापूर)

चाटीगल्ली:
मी इथल्या एका बालगृहात मुलांचं गणित घेतो. तिथल्या एका मुलाला चार महिन्यांनी १८ पूर्ण होतील. विजापूर रोडच्या आयटीआयमध्ये फिटरला आहे, अजून एक वर्ष बाकी. आई-वडील दोघंही नाहीत. संस्था सोडल्यावर त्याचं कसं होणार? आमच्या घरी ठेवून घेता येईल का? पैशाची मदत करायची तयारी आहे, पण ती नेमकी कुठे लावावी?

पूर्वभाग:
घरी न्यायचा विषय आत्ता बाजूला ठेवा. १८ च्या आत बाल कल्याण समितीच्या (अशा मुलांबद्दल निर्णय घेणारी जिल्ह्याची समिती) आदेशाशिवाय त्याला कोणाच्या घरी ठेवता येत नाही. प्रतिपालक कुटुंब (दत्तक न घेता मूल सांभाळणारं घर) म्हणून मंजुरी घ्यायची तर चौकशी, गृहभेट, अहवाल यातच हे चार महिने जातील. १८ नंतर तो सज्ञान आहे, कुठे राहायचं ते तो ठरवेल.

तुम्ही अनुरक्षणाच्या, म्हणजे संस्था सोडल्यानंतरच्या आधाराच्या (आफ्टरकेअर) मागे लागा. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ४६ मध्ये संस्थेतून बाहेर पडणाऱ्या मुलांना आर्थिक आधाराची तरतूद आहे. मिशन वात्सल्य या केंद्राच्या बाल संरक्षण योजनेतून महिना ४,००० रुपये मिळू शकतात, पण आपोआप नाही. समितीचा आदेश लागतो. अधीक्षकांना विचारा, याचा वैयक्तिक संगोपन आराखडा शेवटचा कधी भरला? त्यात '१८ नंतर राहणार कुठे, शिकणार काय' हे कोरं असेल तर आत्ताच भरून घ्या आणि जिल्हा बाल संरक्षण कक्षामार्फत प्रस्ताव समितीपुढे जाऊ द्या. मुलगा संस्थेच्या पटावर असतो तोवर सगळे कागद एका फाइलमध्ये असतात. पटावरून नाव कमी झालं की तोच मुलगा एकेका सहीसाठी वणवण फिरतो.

जुना_लिपिक:
आदेश झाला तरी पैसे अडतात ते बँकेत. अज्ञान असताना काढलेलं खातं १८ नंतर नवी सही आणि केवायसी दिल्याशिवाय चालत नाही. त्यात आधारला मोबाइल नंबर बहुतेक वेळा संस्थेतल्या कुणाचा तरी असतो. ओटीपी त्या माणसाला जातो आणि त्याची बदली झालेली असते.

म्हणून क्रम पाळा. १८ पूर्ण झाल्याबरोबर स्वतःच्या नावाचं सिम, मग आधार केंद्रावर तो नंबर, मग बँकेत केवायसी, शेवटी खात्याला आधार जोडणी. सिमच्या आधी बँकेत गेलात तर हेलपाटा ठरलेला.

जन्मतारीख आत्ताच ताडून बघा. शाळेचा दाखला, आधार आणि समितीचा आदेश, तिन्हीकडे एकच हवी. आधारवरची जन्मतारीख साधारणपणे एकदाच बदलता येते, त्यामुळे घाईत चुकीचा कागद लावू नका. वडिलांचं नाव एका ठिकाणी आहे आणि दुसरीकडे नाही, हे तर सर्रास दिसतं.

आणि अनाथ प्रमाणपत्र! राज्यात शिक्षण आणि सरकारी नोकरीत अनाथांना १ टक्का आरक्षण २०१८ पासून आहे. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी कार्यालयातून जातो, दाखला पुण्याच्या विभागीय उपायुक्तांकडून येतो. आई-वडील दोघांच्या मृत्यूची नोंद मिळते का ते आधी शोधा, फाइल तिथेच अडकते.

चाटीगल्ली:
आभारी आहे. मृत्यूचे दाखले फाइलमध्ये आहेत का ते विचारतो. राहण्याचं काय? मी डिपॉझिट भरू का?

एमआयडीसी_अक्कलकोट_रोड:
भरा, पण त्याच्या हातात रोख देऊ नका. डिपॉझिट थेट मालकाला आणि पहिल्या तीन महिन्यांची मेस थेट मेसवाल्याला. संस्थेत जेवण, साबण, तेल सगळं आयतं मिळालेलं असतं. त्यामुळे पहिली रक्कम हातात आली की मोबाइलमध्ये जाते आणि महिनाअखेर डबा बंद होतो. हा मुलाचा दोष नाही, पैसे हाताळायची वेळच आलेली नसते. म्हणून आत्तापासून दर आठवड्याला दोनशे रुपयांचा बाजार त्यालाच करायला लावा आणि हिशेब वहीत लिहून घ्या.

खोली एकट्याला नको. संस्थेतून आधी बाहेर पडलेली दोन-तीन मुलं एकत्र राहत असतील तर त्यांच्यात बघा, भाडंही वाटून जातं. करार तोंडी नको, नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्सच (भाडेकरार) करा. तो पत्त्याचा पुरावा म्हणून चालतो. नाहीतर आधारवर संस्थेचाच पत्ता राहतो.

टॉवेल कारखान्यात रात्रपाळीला लगेच घेतात, आठवड्याला पैसे हातात येतात. तिथेच आयटीआय सुटतं. राहिलेलं वर्ष निघेपर्यंत पूर्ण वेळ काम नको. फिटरची परीक्षा पास झाला की चिंचोळी एमआयडीसीच्या कारखान्यांत शिकाऊ उमेदवारी बघता येईल. पुढे नोकरी लागली की पीएफचा यूएएन (नोकरी बदलली तरी तोच राहणारा) नंबर त्याच्याच वहीत लिहून ठेवायला सांगा.

पूर्वभाग:
एक राहिलं. अनुरक्षण साधारण २१ वर्षांपर्यंत असतं. अपवादात्मक परिस्थितीत २३ पर्यंत वाढवता येतं, पण मुदत संपायच्या आत अर्ज हवा. शिक्षण चालू असल्याचा दाखला दरवर्षी आयटीआयमधून घेऊन फाइलला लावत जा.

आणि त्याला भेटायचा तुमचा वार ठरलेला असू द्या. गड्ड्याच्या जत्रेला, दिवाळीला बोलवा, पण "आमच्याकडेच राहा" असं निभावणार असाल तरच म्हणा. आजारी पडला तर फोन कोणाला करायचा, तो नंबर त्याला तोंडपाठ हवा.