ओबोनची काकडी आणि वांगं बाबांसाठी ठेवू का?

सैतामाकर
जपानात, सैतामात राहून चार वर्षं झाली. शेजारी एक आजी एकट्याच असतात. गेल्या १३ ऑगस्टला, ओबोन या इथल्या पितरांच्या सणाला, संध्याकाळी त्या दाराशी मातीच्या पसरट ताटलीत पांढऱ्या काड्या जाळत होत्या. बाजूला काड्यांच्या पायांवर उभी केलेली काकडी आणि तसंच एक वांगं. काकडी म्हणजे घोडा, गेलेली माणसं लवकर घरी यावीत म्हणून. वांगं म्हणजे गाय, परत जाताना सावकाश जावं म्हणून.

यंदा फेब्रुवारीत माझे बाबा गेले. मी सांगलीला पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. काल आजींनी कागदात गुंडाळून काकडी-वांगं हातात ठेवलं. आई म्हणते, वर्षश्राद्ध होईपर्यंत पक्षाचं काही करत नाहीत. मग हे चालेल का? आणि नंतर त्या भाज्यांचं काय करायचं? आजींना विचारलं, तर मला नको आहे असं त्यांना वाटेल.

चिबाची सून
ठेवा हो. यात पिंड नाहीत की तर्पण नाही. इथे तर पहिलंच वर्ष मोठं मानतात. त्याला हात्सुबोन म्हणतात, पांढरा कंदील लावतात. सासूबाईंनी मला शिकवलं ते सांगते: पायांना टूथपिक नको, वांगं कलंडतं. ओगारा, म्हणजे त्या जाळायच्या काड्याच, मोडून खोचा. काकडी जरा वाकडी निवडा, मान उचलल्यासारखी दिसते. १६ तारखेला निरोपाचा अग्नी झाला की दोन्ही पांढऱ्या कागदात मीठ घालून गुंडाळायची आणि कचऱ्यात द्यायची. पूर्वी नदीत सोडत. कचऱ्यात टाकताना पहिल्या वर्षी माझा हात थांबला होता.

कामोकाठ
क्योतोत मला काकडी-वांगी कुठे दिसली नाहीत. इथे १६ ऑगस्टला रात्री आठला डोंगरावर आगीचं 'दाई' अक्षर पेटतं, तोच निरोप. जोदो शिन्शू या बौद्ध पंथाची घरं तर स्वागताचा अग्नीही लावत नाहीत. गेलेला माणूस थेट सुखावतीत, म्हणजे अमिताभ बुद्धाच्या लोकात पोचला, असं ते मानतात. म्हणजे जपानातही एकच रीत नाही. आईंना एवढं सांगून बघा.

सैतामाकर
आईला फोन केला. "त्यांना वांगं आवडायचंच," एवढंच म्हणाली.

आत्ताच पेटवलं. घोड्याचा मागचा पाय सारखा निसटत होता, तो आजींनी खाली बसून नीट खोचला. मग बाबांचं नाव विचारलं, दोनदा हळू म्हणून पाहिलं, आणि जाळाकडे बघत म्हणाल्या, "ओकाएरिनासाई." रोज संध्याकाळी घरी आलेल्या माणसाला म्हणतात, तेच.