कोट ऑफ आर्म्स शोधत फिरणं: छंद की साहेबाचं कौतुक?

घाटवाट:
लिस्बनला दिव्याच्या खांबांवर, फुटपाथच्या दगडांत एक जहाज आणि त्यावर दोन कावळे दिसत राहतात. ते शहराचं कोट ऑफ आर्म्स, म्हणजे ढालीवर रेखलेलं अधिकृत मानचिन्ह. ॲमस्टरडॅमला रस्त्याकडेच्या खुंटांवर तीन फुल्या. आपली मंडळी तिथे हौसेने फोटो काढतात आणि मुंबईच्या फोर्टात मात्र मान वर करत नाहीत.

सीएसएमटीच्या फाटकाच्या खांबांवर ब्रिटनचा सिंह आणि हिंदुस्थानचा वाघ बसलेत. समोर महापालिकेच्या १८९३ सालच्या इमारतीवर पंखवाली बाई उभी आहे, ‘अर्ब्स प्रायमा इन इंडिस’, म्हणजे हिंदुस्थानातलं पहिलं शहर. दोन्ही इमारती वास्तुविशारद एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सच्या. पण माझं लाडकं चिन्ह मुंबईचे पारशी व्यापारी जमशेटजी जीजीभॉय यांचं. १८५७ साली ते बॅरोनेट झाले, हा वंशपरंपरागत ब्रिटिश किताब मिळालेले पहिले हिंदी गृहस्थ. ढालीवर वर दोन मधमाश्या, खाली घाटाआडून उगवणारा सूर्य, शिरोभागी मोर. ब्रीद: उद्योग आणि औदार्य. इंग्रजी ढालीवर चक्क आपला सह्याद्री! फिरताना ही चिन्हं वाचायला शिकलंच पाहिजे, असं माझं मत.

गिरणगावकर:
असहमत. मधमाश्या दिसल्या, अफूचं बोंड कुठे दिसलं का? जमशेटजींची दौलत चीनच्या व्यापारातली, त्यात कापूस होता तशी अफूही होती. ढालीवर फक्त उद्योग आणि औदार्य. अशी चिन्हं म्हणजे पैसेवाल्यांनी स्वतःच लिहिलेलं स्वतःचं चरित्र. त्यांच्यामागे कॅमेरा घेऊन कशाला धावायचं?

घाटवाट:
अहो, म्हणूनच तर वाचायचं! ढाल काय सांगते आणि काय गाळते, हे कळायला आधी ढाल वाचता यायला हवी. आणि जे. जे. रुग्णालय, माहीमचा कॉजवे हेही त्याच पैशातले; औदार्य अगदीच पोकळ नव्हतं. मँचेस्टरच्या चिन्हातही मधमाश्याच आहेत, १८४२ पासून. मुंबईचा कापूस जिथे जायचा त्या शहराचा आणि मुंबईच्या शेटजींचा कीटक एकच, याची मला तरी गंमत वाटते.

शरभवेडी:
दोघेही इंग्रजांपाशीच अडकलात. जंजिऱ्याच्या दरवाजावर पंजांत हत्ती धरलेला शरभ, म्हणजे सिंहासारखा काल्पनिक पशू, कोरलाय तो काय आहे मग? आपल्या किल्ल्यांवर शरभ आहेत, दोन डोक्यांचे गंडभेरुंड पक्षी आहेत. ती सोडून लॅटिन ब्रीदं कसली वाचताय?

घाटवाट:
द्वारशिल्पं मलाही आवडतात, पण ती वेगळी गोष्ट. एकच शरभ निरनिराळ्या राजवटींच्या दरवाजांवर भेटतो. कोट ऑफ आर्म्स एका माणसाचं, घराण्याचं किंवा संस्थेचं असतं, दुसऱ्याने वापरायचं नाही. ते अगदी आपलं म्हणावं तर मराठ्यांच्या देवकांपाशी जावं लागेल.

शरभवेडी:
देवक लग्नात पुजायचं असतं, दारावर मिरवायचं नसतं. त्याला यात ओढू नका.

गिरणगावकर:
ताई बरोबर बोलल्या. शिवाय आपल्या संस्थानिकांच्या ढालीबिलींची गोष्ट ऐका. १८७७ च्या दिल्ली दरबारासाठी रॉबर्ट टेलर नावाच्या बंगालमधल्या सनदी अधिकाऱ्याने त्या रेखाटून दिल्या. राजांना निशाणं वाटली, राजांनी ती मिरवली. साहेबाने दिलेली ओळख आणि आपण म्हणायचं ‘घराण्याची परंपरा’!

नवखा_प्रवासी:
मध्येच विचारतो. परदेशातल्या दुकानात आडनाव सांगितलं की फ्रेममध्ये ‘कुटुंबाचं चिन्ह’ देतात, ते खरं असतं का?

घाटवाट:
घेऊ नका. इंग्लंडमध्ये अशी चिन्हं देण्याचं काम १४८४ पासून कॉलेज ऑफ आर्म्सकडे आहे. चिन्ह एका व्यक्तीला आणि तिच्या वंशजांना मिळतं, आडनावाला नाही. त्या फ्रेमचा उपयोग भिंतीवरचा डाग झाकायला. (टेलरबद्दल गिरणगावकर म्हणतात ते खरं आहे. पण ती निशाणं बघायचीच नाहीत, हे मला पटत नाही.)

गिरणगावकर:
बघा की. कौतुक करू नका, एवढंच म्हणणं.

नवखा_प्रवासी:
मग मुंबईजवळ सुरुवात कुठून करू?

शरभवेडी:
वसई. बालेकिल्ल्याच्या दरवाजावर पोर्तुगीज राजचिन्ह आहे, जोडीला खगोल (कड्यांचा आकाशगोल) आणि क्रूस. फ्रान्सिस्कन चर्चच्या फरशीत सरदारांच्या थडग्यांचे दगड आहेत, त्यांवर घराण्यांच्या ढाली. १७३९ साली चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला, तरी हे दगड टिकले. पावसाळ्यात शेवाळाने काही दिसत नाही, थंडीत सकाळी जा, तिरक्या उन्हात कोरीवकाम उठून दिसतं. आणि थडग्यांवर उभं राहून सेल्फी काढू नका.

गिरणगावकर:
ताई, तुम्ही नक्की कोणाच्या बाजूने?

शरभवेडी:
वसईच्या.