मदत हवी आहे: बेळगाव सीमाप्रश्नाला आंतरराष्ट्रीय संबंधांची चौकट लावता येईल का?

खानापूर_तालुका
एम. ए. राज्यशास्त्र, शेवटचं सत्र. लघुप्रबंधाचा विषय आहे बेळगाव सीमावाद आणि देशादेशांमधल्या भूभागाच्या वादांवरचं संशोधन. सिनॉप्सिसमध्ये 'वास्तववादी दृष्टिकोनातून' असं लिहिलं होतं. त्यावर हरकत आली की घटक राज्यं सार्वभौम नाहीत, मग वास्तववाद लागू कसा होणार? हरकत पटते, पण विषय सोडायचा नाही. कोणती चौकट घ्यावी आणि नोंदी कशा कराव्यात? मराठी-कन्नड दोन्ही कागदपत्रं वाचता येतात.

सह्यपठार
विषय ठेवा, वास्तववाद काढा. वास्तववाद म्हणजे देश फक्त आपलं बळ आणि हित पाहून वागतात, हे मत. त्याचा सगळा डोलारा 'देशांच्या वर कोणी नाही' या गृहीतावर उभा आहे. इथे वर संसद आहे. कलम ३ नुसार ती राज्यांच्या सीमा बदलू शकते. राज्याच्या विधिमंडळाचं मत मागवावं लागतं, संमती लागत नाही. शिवाय कलम १३१ खाली सर्वोच्च न्यायालय आहे आणि महाराष्ट्राचा दावा तिथे २००४ पासून आहे. म्हणजे ही दोघांमधली सौदेबाजी नाही. तिसऱ्याला आपल्या बाजूला वळवण्यासाठी दोघांची ओढाताण चालली आहे, आणि प्रबंधाचा पहिला परिच्छेद इथूनच सुरू करा.

यामुळे राज्यशास्त्रज्ञ जेम्स फिअरनच्या युद्धाच्या कारणांवरच्या १९९५ च्या मांडणीचा फक्त एक भाग कामाचा उरतो. तडजोड का फसते याची त्याने तीन कारणं दिली: लपवलेली माहिती, वचन पाळलं जाईल याची खात्री नसणं आणि वादवस्तू अविभाज्य असणं. दुसरं कारण संघराज्यात बरंच सैल पडतं, कारण संसदेने केलेला कायदा एकटं राज्य फिरवू शकत नाही. तिसरं मात्र बेळगाव शहराला नेमकं लागतं. स्टेसी गॉडर्ड यांचं म्हणणं असं की जमीन मुळात अविभाज्य नसते. दोन्ही बाजू आपापल्या लोकांपुढे हक्काची जी भाषा वापरतात, तिच्यामुळे ती तशी होते. दोन्ही विधिमंडळांतली भाषणं या नजरेने वाचा.

रॉन हासनरही घ्या. वाद जितका लांबतो तितका तो घट्ट होतो, आणि हे भौतिक, कार्यात्मक व प्रतीकात्मक अशा तीन अंगांनी घडतं, असं तो म्हणतो. कर्नाटकाने बेळगावात बांधलेलं २०१२ चं विधानभवन 'सुवर्ण विधानसौध' आणि नोव्हेंबर २०१४ चं 'बेळगावी' हे नामांतर ही उदाहरणं हाताशीच आहेत. पण घडलेली प्रत्येक गोष्ट 'घट्ट होण्या'च्या खात्यात टाकली तर सिद्धान्त कधीच चुकणार नाही, आणि परीक्षक तिथेच पकडतील. काय दिसलं तर हासनर चुकला असं मानाल, ते आधी लिहून ठेवा.

नोंदवही
कोडिंगसाठी, म्हणजे घटना ठरावीक रकान्यांत नोंदवण्यासाठी, पॉल हेन्सेल आणि सारा मॅकलॉफलिन मिचेल यांच्या देशादेशांमधल्या दाव्यांची नोंद ठेवणाऱ्या प्रकल्पाची पद्धत सोयीची आहे. त्यात दाव्याची नोंद होण्यासाठी तो सरकारच्या अधिकृत प्रतिनिधीने उघड मांडलेला असावा लागतो. सीमाभागात नवख्याची चूक इथेच होते. १ नोव्हेंबरचा काळा दिन, महाराष्ट्र एकीकरण समितीचे मेळावे, महापालिकेचे ठराव हे सगळं 'महाराष्ट्राचा दावा' म्हणून भरलं जातं. तसं करू नका. त्यांचा रकाना वेगळा ठेवा, नाहीतर चळवळ तापली म्हणून सरकार हललं की सरकार हललं म्हणून चळवळ तापली, हे शेवटी कळणारच नाही.

वादातला भूभाग किती महत्त्वाचा आहे हे मोजणारा निर्देशांक ० ते १२ असतो: सहा कसोट्या, प्रत्येकीला दोन्ही बाजूंचा एकेक गुण. साधनसंपत्ती, मोक्याची जागा आणि वस्ती या मूर्त, तर मायभूमी, ओळखीचे बंध आणि पूर्वीची सत्ता या अमूर्त. पूर्ण सीमाभागाला एकच आकडा दिलात तर तो वरच्या टोकाला जाऊन बसेल आणि काहीच सांगणार नाही. निपाणी, खानापूर, बेळगाव शहर, कारवार-सुपा-हल्याळ आणि भालकी यांना वेगवेगळे गुण द्या, मग फरक दिसेल.

अवलंबी चल, म्हणजे ज्याचं कारण शोधायचं ती गोष्ट, म्हणून 'संघर्ष' घेऊ नका, 'तोडग्याचा प्रयत्न' घ्या. प्रकार चार: बळाचा वापर, थेट वाटाघाटी, बंधनकारक नसलेली मध्यस्थी, बंधनकारक निवाडा. सीमाप्रश्नावरची १९६० ची चार जणांची समिती महाराष्ट्र आणि म्हैसूर (आजचं कर्नाटक) यांच्या दोन-दोन प्रतिनिधींची होती, म्हणून ती वाटाघाटींत जाते.

खानापूर_तालुका
मग या सीमाप्रश्नासाठी केंद्राने नेमलेला महाजन आयोग बंधनकारक निवाड्यात धरू का? टॉड ॲली आणि पॉल हुथ म्हणतात की माघार घेताना घरच्या विरोधाला तोंड द्यायला नेत्यांना कायदेशीर निकालाची ढाल लागते. इथे तर आयोग महाराष्ट्रानेच मागितला आणि १९६७ चा अहवालही त्यानेच नाकारला. म्हणजे सिद्धान्त खोटा ठरला का?

सह्यपठार
नाही. आयोग शिफारस करणारा होता, म्हणून तो तिसऱ्या प्रकारात येतो. निपाणी, खानापूरसह २६४ गावं महाराष्ट्राला, २४७ गावं कर्नाटकाला आणि बेळगाव शहर आहे तिथेच, ही शिफारस संसदेने कायद्यात आणलीच नाही. 'आमचे हात बांधलेले आहेत' असं सांगायची सोय कोणत्याच मुख्यमंत्र्याला मिळाली नाही. त्यामुळे या एका प्रकरणातून सिद्धान्त ना टिकतो ना पडतो.

जोडीला आंध्र-मद्रास सीमावाद घ्या. तिथले मध्यस्थ पाटसकर यांनी गाव हा घटक, भाषिक बहुमत आणि भौगोलिक सलगता या कसोट्या लावल्या, १९५९ मध्ये कायदा झाला आणि १ एप्रिल १९६० पासून तो लागू झाला. उलट १९५६ मध्ये बेळगाव जिल्हा चंदगड तालुका वगळून अख्खा म्हैसूरला गेला, म्हणजे तिथे मुख्यतः जिल्हा हाच घटक धरला गेला. जुन्या प्रशासकीय रेषेवर आखलेल्या सीमा कमी पेटतात, असा डेव्हिड कार्टर आणि हाइन गोमन्स यांचा २०११ चा निष्कर्ष आहे. बेळगाव त्याच्या विरोधात जातं. का जातं, हे एक प्रकरण भरून लिहिण्यासारखं आहे. माझ्या मते तुमच्या प्रबंधाचा जीव तिथेच आहे. तिसरं उदाहरण हवं असेल तर आसाम-मेघालय: बारा वादग्रस्त जागांपैकी सहांवर मार्च २०२२ मध्ये करार झाला. यापुढे प्रकरणं वाढवू नका, लघुप्रबंधाला तीन पुरेत.

खानापूर_तालुका
खूप आभार. शेवटचं एक: गावनिहाय भाषेचे आकडे कुठे मिळतील?

नोंदवही
२०११ च्या जनगणनेचा मातृभाषेचा तक्ता सी-१६ तालुका आणि शहर पातळीपर्यंतच जातो, गावापर्यंत नाही. गावासाठी महाजन अहवाल आणि जुनी जिल्हा जनगणना पुस्तकं चाळावी लागतील. १९५१ आणि २०११ चे आकडे एकाच तक्त्यात घालण्याआधी तालुक्यांच्या हद्दी पडताळा. निपाणी पूर्वी चिकोडी तालुक्यात होतं, आता वेगळा तालुका आहे. हे राहून गेलं तर लोकांची भाषा बदलली नसतानाही टक्केवारी बदललेली दिसेल.