१९३१ सालची विलायतेची बोट आणि तिच्यावरचा एक खून: तपशील हवेत

कागदी_होडी:
दिवाळी अंकासाठी दीर्घ रहस्यकथा लिहायला घेतली आहे. साल १९३१, मुंबईहून मार्सेलिसला निघालेली पी अँड ओ कंपनीची बोट. पाठलाग, गोळीबार, रक्ताची थारोळी यातलं काही नको. जेवणाची टेबलं, ब्रिजचे डाव, डेकवरच्या आरामखुर्च्या, कुजबुज, आणि सगळ्यांवर नजर ठेवून असलेली एक निवृत्त मुख्याध्यापिका, लेकाकडे निघालेली. मरतो तो एक तापट गिरणीमालक, साठीच्या पुढचा, हृदय अधू.

सध्याचा आराखडा असा: मुंबई सोडल्यावर दुसऱ्या रात्री, आतून कडी लावलेल्या केबिनमध्ये, विषाने मृत्यू. उलगडा मार्सेलिसच्या आदल्या रात्री.

अडलंय ते इथे. उरलेले दहा-बारा दिवस प्रेताचं काय करतात? कप्तान चौकशीत एका प्रवासी बाईला का शिरू देईल? घड्याळं रोज मागे करत, त्यातून काही धागा निघेल का? आणि बोटीवर आपली माणसं नेमकी कोणत्या कामांवर असायची? ढोबळ नको, कथेत वापरता येईल असं सांगा.

डोलकाठी:
सगळ्यात आधी खून दुसऱ्या रात्रीवरून हलवा आणि तांबड्या समुद्रात न्या.

वेळापत्रकाचा सांगाडा आयता आहे. गांधीजी २९ ऑगस्ट १९३१ ला ‘राजपुताना’ बोटीने मुंबईहून निघाले आणि ११ सप्टेंबरला मार्सेलिसला उतरले. म्हणजे तेरा दिवस. मुंबई ते एडन साधारण १६५० सागरी मैल, एडन ते सुएझ १३०० च्या आसपास, मग कालवा, पोर्ट सैद आणि भूमध्य समुद्रातले १५०० मैल. १६-१७ नॉटच्या (ताशी सागरी मैल) वेगाने एडनला चार-साडेचार दिवस, तिथून सुएझला सव्वातीन ते साडेतीन. तीच फेरी मात्र घेऊ नका, त्या बोटीवर दुसऱ्या कुणाकडे कुणाचं लक्षच गेलं नसतं. बोटीला काल्पनिक नाव द्या.

पावसाळ्यात निघालात तर अरबी समुद्रात पहिले दिवस निम्मे प्रवासी बिछान्यात ओकत पडलेले असतात. जेवणाचा हॉल ओस, खालच्या डेकची पोर्टहोल्स बंद. कोण कुणाशी बोललं, कुणी कुणाला टाळलं हे पाहायलाच कुणी जागेवर नाही. तुमच्या मुख्याध्यापिकेला माणसं निरखायला मिळणार ती एडन जवळ आल्यावर.

तांबड्या समुद्रात वारा कधीकधी मागून येतो. त्याचा वेग बोटीइतकाच असला की डेकवर पान हलत नाही. मग केबिनची दारं आकड्यावर किलकिली ठेवून पुढे पडदा सोडतात, आणि रात्री स्टुअर्ट लोक (केबिनचे नोकर) गाद्या वर डेकवर नेऊन घालतात, एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बायका. पहाटे खलाशी डेक धुवायला आले की सगळे उशा काखोटीला मारून खाली. म्हणजे रात्रभर खाली केबिनी रिकाम्या आणि उघड्या. आतून कडी लावलेली खोली इथे गळून पडते, पण तिचा उलटा उपयोग होतो: अशा उकाड्यात एकाच केबिनची कडी का लागलेली होती? हा प्रश्न कथेत कुणीतरी सहज विचारायला हवा.

प्रेताचं उत्तर कथेच्या मुळाशी आहे. बोटीवर शवागार नसतं. बर्फघर असतं ते मांस-मासळीचं, तिथे प्रेत ठेवायला कुठलाच कप्तान तयार होणार नाही. त्या हवेत चोवीस तासांच्या आत, बहुधा पहाटेच, प्रवासी उठायच्या आधी जलसमाधी. जाड कॅनव्हासमध्ये शिवून पायाशी वजन बांधतात. कोळशाच्या बोटींवर भट्टीच्या लोखंडी पट्ट्या वापरत. तुमची बोट तेलावर चालणारी असेल (१९२९ ची ‘व्हाइसरॉय ऑफ इंडिया’ तशी होती) तर त्या पट्ट्या नसतील, दुसरं भंगार लोखंड लिहा. थोडक्यात, दुसऱ्या दिवशी दुपारी शंका येते तेव्हा प्रेत तळाला गेलेलं असतं. उरतात डॉक्टरने पाहिलेल्या खुणा आणि साक्षीदारांची आठवण.

खलबत्ता:
वरच्याला जोडून विषाबद्दल. तांबडा समुद्र घेतलात तर आर्सेनिक आणि स्ट्रिकनीन दोन्ही सोडा, धोतरा घ्या.

खुन्याच्या बाजूने विचार करा. आर्सेनिकने उलट्या-जुलाब होतात, म्हणजे डॉक्टरच्या मनात पहिला शब्द कॉलरा. कॉलरा म्हटलं की साथीच्या रोगाचं पिवळं निशाण, सुएझला अडवणूक, टपालाला उशीर, स्वयंपाकघराची झडती. सगळ्या बोटीचं लक्ष वेधणारं मरण खुन्याला परवडत नाही. स्ट्रिकनीनचे झटके तर आंधळ्यालाही कळतील. त्या पाण्यात कुणी प्रश्न विचारत नाही असं मरण एकच, उष्माघात. धोतऱ्याची लक्षणं त्याच्याशी जवळजवळ जुळतात: अंग तापलेलं पण घामाचा थेंब नाही, चेहरा लाल, घशाला कोरड, बरळणं, हवेतले न दिसणारे दोरे चिमटीत धरून ओढणं.

फरक डोळ्यांत. धोतऱ्याने बाहुल्या विस्फारतात आणि दिवा समोर धरला तरी आकसत नाहीत, उष्माघातात त्या बहुधा बारीक असतात. हे जिवंतपणीच कुणीतरी पाहायला हवं, कारण मेल्यावर बाहुल्या आपोआप सैलावतात आणि तो पुरावा राहत नाही. म्हणून म्हातारा दोन-तीन तास तरी जगू द्या आणि मुख्याध्यापिकेला त्याच्या उशाशी बसवा. डॉक्टर तेवढ्यात दुसऱ्या रुग्णाकडे गेलेला असू दे.

प्रयोगशाळा नाही, पण मांजर आहे. आपल्याकडच्या न्यायवैद्यकात ही जुनी चाचणी आहे: रोग्याच्या लघवीचा थेंब मांजराच्या एका डोळ्यात घालायचा, दुसरा डोळा तुलनेसाठी तसाच ठेवायचा. विष असेल तर तासाभरात एक बाहुली पसरलेली, दुसरी फट. दवाखान्यात बाटलीत लघवी राहिली असेल तर हे प्रेत नसतानाही जमतं. असल्या कथेच्या वाचकाला मांजराची काळजी लागते, तेव्हा दोन-तीन दिवसांत त्याचा डोळा पूर्ववत झाल्याचं लिहायला विसरू नका.

दुसरा धागा बियांचा. पी अँड ओच्या जेवणात करी असायचीच, आणि धोतऱ्याचं बी मिरचीच्या बियांत खपून जातं. जवळून पाहिलं तर मात्र मिरचीचं बी लहान, पातळ, पिवळट आणि गुळगुळीत, धोतऱ्याचं थोराड, पिवळसर तपकिरी, मूत्रपिंडाच्या आकाराचं, बारीक खळगे असलेलं. स्वयंपाकघरात आयुष्य गेलेल्या बाईला ताटाच्या कडेला काढून ठेवलेलं एक बी पुरतं. डॉक्टरला हे दिसणार नाही.

अडचण एकच. धोतऱ्याने माणूस सहसा मरत नाही, वाटमारे तो गुंगीसाठीच वापरत. तुमच्या गिरणीमालकाचं अधू हृदय आणि ती हवा दोन्ही लागतात, तेव्हा हृदयाचा उल्लेख पहिल्या प्रकरणातच येऊ द्या. डॉक्टरकडे डोळ्यात घालायचं ॲट्रोपिन असतंच, त्याची बाटली जागेवर नसणं हा चांगला चकवा होईल.

आर्सेनिकचाच हट्ट असेल तर राइन्शची चाचणी बोटीवर करता येते: नमुन्यात हायड्रोक्लोरिक ॲसिड, त्यात घासून स्वच्छ केलेली तांब्याची पट्टी, उकळायचं. पट्टीवर काळसर थर आला तर संशय. पण पारा आणि अँटिमनीनेही थर येतो, आणि खुद्द तांब्यातच आर्सेनिक असू शकतं. इंग्लंडमधल्या १८५९ च्या स्मेदर्स्ट विषप्रयोग खटल्यात टेलरसारखा नावाजलेला तज्ज्ञ याच कारणाने अडचणीत आला. आधी नमुन्याशिवाय नुसतं ॲसिड आणि पट्टी उकळून बघायची, हे पात्राच्या तोंडी घाला.

कागदी_होडी:
धोतरा आणि मांजर पक्कं. खून एडननंतरच्या दुसऱ्या रात्री हलवते. आता घड्याळांचं?

मध्यान्हरेषा:
खून हलवलात म्हणून आकडेही हलतील. एक अंश रेखांशाला चार मिनिटं. मुंबई सुमारे ७३ अंश पूर्व, एडन ४५, म्हणजे २८ अंश, ११२ मिनिटं, चार रात्रींत वाटली तर रोज २८. एडन ते सुएझ मात्र जेमतेम साडेबारा अंश, ५० मिनिटं, म्हणजे रात्रीला पंधरा-सोळा. अर्धा तास मागे केल्याचं तांबड्या समुद्रात लिहिलंत तर जाणकार वाचक पकडेल.

पंधरा मिनिटं पुरेशी आहेत. प्रवाशांची घड्याळं मध्यरात्री मागे केली तर पावणेबारा ते बारा हा वेळ त्या रात्री दोनदा येतो. एक बाई शपथेवर सांगते की पावणेबाराला तो माणूस डेकवर होता, दुसरा सांगतो की बाराला दहा कमी असताना तो खालच्या कॉरिडॉरमध्ये दिसला. दोघंही खरं बोलतात, मध्ये वीस मिनिटं गेलेली असतात. अधिकारी जिथून बोट चालवतात त्या ब्रिजवर ही वाढीव मिनिटं दोन पाळ्यांत वाटून घेत, म्हणजे लॉगबुकातली वेळ आणि सलूनमधल्या (प्रवाशांच्या जेवणाच्या हॉलमधल्या) घड्याळाची वेळ मध्यरात्रीच्या आसपास जुळेलच असं नाही.

वायरलेसच्या खोलीतलं घड्याळ तर ग्रिनिचच्या वेळेवर. बोटीची वेळ ग्रिनिचच्या पावणेतीन तास पुढे असेल तर तारेच्या फॉर्मवरचे २०.५० म्हणजे बोटीवरचे रात्रीचे ११.३५. खुनी तार करून आपली हजेरी सिद्ध करू पाहील आणि हा हिशेब चुकेल.

खास मुंबईची गोष्टही वापरा. १९३१ मध्ये रेल्वे भारतीय प्रमाणवेळेवर आणि मुंबई महापालिका मुंबई टाइमवर चालत होती, तो १९५५ पर्यंत टिकला. फरक ३९ मिनिटं. गिरणीमालक हट्टी, घड्याळ विलायतेपर्यंत न बदलणारा. ते बंद पडलेलं सापडलं तर कुठल्या वेळेवर बंद पडलं हे ठरवल्याशिवाय काहीच कळत नाही. बंद घड्याळ रहस्यकथेत घासून गुळगुळीत झालंय, पण ही ३९ मिनिटं त्याला नवी धार देतात.

दिवसभरात किती मैल कापले यावर पैज लागते, हेही लक्षात ठेवा. आकडा दुपारी बाराला लागतो, आकड्यांचा लिलाव आदल्या संध्याकाळी. जलसमाधीसाठी बोट पंधरा मिनिटं थांबली तर चार मैल कमी भरतात. आदल्या संध्याकाळी कुणी नेमका खालचा आकडा चढ्या भावाने घेतला?

हर्णै_बंदर:
आपली माणसं. डेकवरचे खलाशी मोठ्या संख्येने रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान. वर सारंग, त्याच्या हाताखाली तांडेल, चाकावर सुकाणी, सामान आणि दिवे सांभाळणारा कसब, साफसफाईला टोपस. इंजिनखोलीत पंजाबी आणि पठाण. सलूनमध्ये वाढपी, केबिनचे स्टुअर्ट आणि स्वयंपाकी गोव्याचे ख्रिस्ती, मुंबईत धोबीतलाव-माझगावच्या कुडांमध्ये (गोव्याच्या गावकऱ्यांच्या वसतिगृहांत) राहून बोटीची वाट पाहणारे. सारंग आपल्या गावचीच, नात्यातलीच माणसं भरतो. त्यामुळे एका खलाशाने काही पाहिलं तर ते सारंगाला विचारल्याशिवाय गोऱ्या अधिकाऱ्याला कळणार नाही.

बाईला चौकशीत घेण्याचं कारण इथेच मिळतं. अधिकाऱ्यांना खलाशांच्या ‘लश्करी’ बोलीतले हुकूम येतात, गप्पा येत नाहीत. मुख्याध्यापिका वेंगुर्ल्याची दाखवा. गोव्याचा स्टुअर्ट कोकणीत तिला सांगेल की कुणाची गादी वर नेली नव्हती, आणि लिंबाचं सरबत दाराशी कुणी हातातून घेतलं. त्याला ‘बॉय’ म्हणून हाक मारणाऱ्यांना तो हे सांगणार नाही.

सामानाच्या चिठ्ठ्याही बघा: केबिनमध्ये हवं ते, प्रवासात लागणारं आणि न लागणारं. मधलं सामान ठरलेल्या वेळीच काढता येतं, म्हणजे कोण कधी पेटीपाशी गेला याला साक्षीदार असतो.

डोलकाठी:
आता कप्तान आणि कायदा. बोट ब्रिटिश, म्हणून कायदा ब्रिटिश. कप्तान संशयिताला कोंडू शकतो: एक केबिन, पोर्टहोल स्क्रूने बंद, दाराशी पहारा. खटला चालवू शकत नाही. त्याच्या डोक्यावर टपालाचा करार असतो, उशीर त्याला परवडत नाही, म्हणून तो ‘उष्माघात’ लिहून मोकळा व्हायला बघेल. डॉक्टर आणि पर्सर (बोटीचा हिशेब पाहणारा अधिकारी) यांना मात्र मनात खुटखुट. गाजावाजा न करता चौकशी करणारं कुणी मिळालं तर त्यांना हवंच आहे.

खून एडनच्या आधी झाला असता तर प्रकरण वेगळं. १९३२ पर्यंत एडन मुंबई इलाख्यातच होतं, तपास सरळ तिथल्या पोलिसांकडे गेला असता आणि तुमची बाई रिकामी बसली असती. एडननंतर मात्र मार्सेलिसपर्यंत मार्ग मोकळा. इजिप्तमध्ये ब्रिटिश प्रजेवर १९३७ पर्यंत ब्रिटिश कॉन्सुलचा अधिकार चाले, तेव्हा पोर्ट सैदला कॉन्सुल वर येऊन कागद पाहून जातो, इतकं एक प्रकरण करा. मार्सेलिसला अर्धे प्रवासी उतरून रेल्वेने पुढे जातात, साक्षीदार पांगतात. मुदत त्यामुळेच.

खुन्याने पुरावा पोर्टहोलमधून फेकावा की स्वतः निसटावं, हेही येईल. पोर्टहोलमधून माणूस जातो का, हे मराठी वाचकाला सांगायला नको, ८ जुलै १९१० ला सावरकर मार्सेलिसलाच ‘मोरिया’तून असे निसटले होते. त्याच महिन्याच्या ३१ तारखेला कॅनडाच्या किनाऱ्याजवळ ‘माँट्रोझ’ बोटीवर बायकोच्या खुनासाठी हवा असलेला डॉ. क्रिपेन पकडला गेला. कप्तानाने वायरलेसने कळवलं आणि पोलीस अधिकारी जास्त वेगाच्या बोटीने पुढे जाऊन थांबला. तुमचा शेवट तसाच करा: मार्सेलिसला अटक नको, तार जाऊ दे, लंडनजवळच्या टिलबरी बंदरात पोलीस वर येऊ देत.

प्रेत नाही म्हणून शिक्षा नाही, असं कुठल्याही पात्राला म्हणू देऊ नका, आणि म्हटलं तर खोडा. ‘डर्बन कॅसल’वर १९४७ च्या ऑक्टोबरमध्ये एका नटीचा मृतदेह पोर्टहोलमधून टाकला गेला, तो कधीच मिळाला नाही, तरी स्टुअर्ट १९४८ मध्ये दोषी ठरला. तिथे केबिनमधली घंटा वाजली आणि रात्रपाळीचा माणूस दाराशी गेला, हा दुवा निर्णायक होता.

तुमच्याकडे घंटेच्या जागी सह्यांच्या चिठ्ठ्या घ्या. बोटीवर पेयाचे पैसे रोख देत नाहीत, चिठ्ठीवर सही करतात आणि पर्सरचा कारकून शेवटच्या रात्री हिशेब लावतो. रात्रीच्या स्टुअर्टने त्यावर वेळ टाकलेली असते. एकाच माणसाच्या दोन चिठ्ठ्या, दोन्हींवर ११.५०, एक डेकवरची, एक खालच्या कॉरिडॉरमधली, आणि खालचीवर लिंबाचं सरबत.