चर्चा: महिन्याचे 24,187 रुपये जातात तरी कुठे?

विश्रामबागवासी
सांगलीत विश्रामबागेत आमचे पाच जणांचे कुटुंब राहते: आम्ही दोघे, दोन मुले आणि माझी आई. दोघांच्या पगाराचे मिळून 1,42,000 रुपये दरमहा हातात येतात, तरी पगाराच्या आदल्या दिवशी खात्यात मागच्या महिन्याइतकीच शिल्लक दिसते. म्हणून जून ते ऑगस्ट या काळातला दरमहाचा खर्च मी वहीत मांडला. घराचा हप्ता 34,713, मोटारीचा 11,200, किराणा, दूध, भाजी आणि गॅस 19,500, मुलांची फी व शिकवणी 16,000, वीज, सोसायटी आणि मोबाइल 6,900, पेट्रोल 7,200, आईची औषधे 4,300, धुणीभांडी करणाऱ्या मावशींचे 3,000 आणि एसआयपीचे, म्हणजे म्युच्युअल फंडात दरमहा गुंतवायचे, 15,000. बेरीज 1,17,813. उरलेल्या 24,187 रुपयांचा पत्ता लागत नाही. माझे मत असे की, हप्ता आणि एसआयपी मिळून जवळपास पन्नास हजारांची बचतच होत आहे. गळती आहे ती मोबाइलवरून केल्या जाणाऱ्या किरकोळ खर्चात.

कृष्णाकाठ
हप्त्याला बचत म्हणणे मला मान्य नाही. आपल्या हप्त्यावरून कर्ज 40 लाखांचे, साडेआठ टक्के दराचे आणि 20 वर्षांचे असावे. अशा कर्जाच्या पहिल्या हप्त्यातले 28,333 रुपये व्याजाचे असतात आणि मुद्दल फिटते ते अवघे 6,380 रुपये. पाच वर्षे इमानेइतबारे हप्ते भरून सुमारे 20 लाख 83 हजार रुपये दिल्यावरही मुद्दल उरते साधारण 35 लाख 25 हजार. घर घेतले हे चुकले असे मी म्हणत नाही, भाडे तरी द्यावे लागलेच असते. पण व्याजाला खर्चाच्या बाजूला मांडल्याशिवाय आपला हिशेब खरा होणार नाही. दर बदलता असेल तर मुदतीआधी रक्कम भरण्यास बँक दंड आकारू शकत नाही, तेव्हा बोनस तिकडे वळवून पाहा.

गणपतीपेठेतला
व्याजाचे गणित बरोबर असेल, पण प्रश्न 24 हजारांचा आहे आणि त्याचे उत्तर मूळ लेखकाने स्वतःच दिलेले आहे. पूर्वी खिशातली शंभराची नोट मोडताना हात थबकत असे. आता भडंगाच्या पुड्यापासून मुलांच्या पिझ्झापर्यंत सारे काही क्यूआर कोडवर भागते आणि कोणाच्याच लक्षात राहत नाही. महिनाभर रोख वापरून पाहा, गळती आपोआप थांबेल.

मिरज जंक्शन
थोडे कटू लिहितो. केंद्र सरकारच्या 2023-24 च्या घरगुती उपभोग खर्च सर्वेक्षणानुसार शहरी भारतात दरडोई मासिक खर्च सरासरी 6,996 रुपये होता. पाच जणांचे 34,980 झाले, म्हणजे देशातले सरासरी शहरी कुटुंब ज्यात अख्खा महिना काढते, तेवढा आपला नुसता घराचा हप्ता आहे. ही तक्रार चणचणीची नसून हिशेबाच्या आळसाची आहे.

कृष्णाकाठ
आळस असता तर वही कोणी घातली असती? सुस्थितीतल्या माणसाने हिशेब विचारला की त्याला गरिबी दाखवायची, याने प्रश्न सुटत नाही.

शाळू ज्वारी
चूक तीन महिन्यांच्या मापात आहे. आमच्याकडे गहू, शाळू आणि हळद उन्हाळ्यातच वर्षाची भरतात, चटणीची मिरची डंकावर कुटून बरण्या भरून ठेवतात. जूननंतर वही घातली तर किराणा स्वस्त दिसणारच. दिवाळी, लग्नसराईतले आहेर, मोटारीचा विमा आणि घरपट्टी यांना महिना नसतो, पण वर्ष असते. अशा खर्चांची वार्षिक बेरीज करून ती 12 ने भागावी आणि तेवढी रक्कम दरमहा वेगळ्या खात्यात ठेवावी.

विश्रामबागवासींची पत्नी
ह्यांनी वहीत फक्त ठरलेले खर्च लिहिले. पासबुक मी काढून बसले. जूनमध्ये मुलांची पुस्तके, गणवेश आणि शाळेच्या बसचे एकरकमी 21,400 गेले. जुलैत मोटारीचा विमा 17,800. ऑगस्टमध्ये नणंदेच्या मंगळागौरीला 9,000. शिवाय फ्रिजचा दरमहा 5,600 चा हप्ता कार्डातून परस्पर जातो, तो ह्यांच्या गावीच नाही, त्याचे 16,800. बेरीज 65,000. तीन महिन्यांचे बेपत्ता पैसे 72,561 होते, म्हणजे किरकोळीत गेले 7,561. त्यातले निम्मे तरी ह्यांच्या संध्याकाळच्या चहा-भेळेचे असावेत.

गणपतीपेठेतला
वहिनी, हिशेब चोख आहे, तरी मी माघार घेत नाही. पिझ्झा आपण किराण्याच्या 19,500 मध्ये धरला आहे की नाही, ते आधी पाहावे.

विश्रामबागवासी
धरला आहे. फ्रिजचे आणखी नऊ हप्ते आहेत, असे आत्ताच घरातून कळले.